नेटवर्क आपले, तर त्याची नोंदही आपल्याकडे हवी

मेळघाटातले हरिसाल हे धारणी तालुक्यातले गाव २०१६ मध्ये देशभर गाजले. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांमध्ये रिकाम्या राहणाऱ्या तरंगपट्ट्यातून इंटरनेट, त्यावर दूरस्थ वैद्यकीय सल्ला, शाळेत डिजिटल वर्ग, दुकानात रोख रकमेशिवाय व्यवहार, असा तो आराखडा होता. तीन वर्षांनी, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात, राज ठाकरे यांनी हरिसालचे दावे भरसभेत खोडून काढले आणि सत्ताधाऱ्यांनी त्यांना उत्तर दिले. तो वाद रंगला चित्रफितींवर आणि माणसांच्या जबान्यांवर. कोण खरे, हे ठरवण्याचा एक अगदी सरळ मार्ग होता. गेल्या महिन्यात, गेल्या वर्षात हरिसालची जोडणी किती तास चालू होती आणि किती तास बंद, याची यंत्राने केलेली नोंद लोकांसमोर ठेवायची. ती नोंद त्या वादाच्या मध्यभागी कधी आलीच नाही. पुढारी बोलले, गावकरी बोलले. बोलले नाही ते फक्त नेटवर्क.

अशी नोंद ठेवणे अवघड किंवा खर्चिक असते तर गोष्ट वेगळी होती. राउटर, स्विच यांसारख्या उपकरणांना ठरावीक वेळाने 'तू चालू आहेस का, किती माहिती वाहून नेतोस' असे विचारण्याची पद्धत १९८८ पासून प्रमाणित झालेली आहे. एसएनएमपी या नावाने ती ओळखली जाते आणि कार्यालयात बसणाऱ्या बहुतेक व्यवस्थापनयोग्य उपकरणांत ती असतेच. १९९५ मध्ये टोबियास ओटिकर या स्विस अभियंत्याने दर पाच मिनिटांनी असे विचारून त्याचा आलेख काढणारे एमआरटीजी हे साधन लिहिले आणि त्याचा कोड सर्वांना खुला केला. त्यानंतर १९९९ मध्ये नागिओस आले, २००१ मध्ये लाटव्हियातून झॅबिक्स आले, २०१३ मध्ये लिब्रेएनएमएस आले. ही सगळी मुक्तस्रोत साधने आहेत. ती कोणीही उतरवून घ्यावीत, वापरावीत, हवी तशी बदलावीत; परवान्याचे शुल्क नाही आणि उपकरणांच्या संख्येनुसार वाढत जाणारे बिल नाही. एका साध्या संगणकावर बसवलेले यांपैकी कोणतेही साधन एका तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या जोडण्यांवर रात्रंदिवस लक्ष ठेवू शकते.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली संगणक नेटवर्के, मग ती ग्रामपंचायतींची असोत, विद्यापीठांची असोत की सरकारी रुग्णालयांची, अशा मुक्तस्रोत साधनांनी पाहिली आणि चालवली गेली पाहिजेत आणि त्यांची नोंद त्या त्या संस्थेच्या मालकीची असली पाहिजे. हा विषय संगणकवाल्यांचा म्हणून बाजूला टाकण्यासारखा नाही. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला आपले सरकार सेवा केंद्रात 'नेट नाही' असे ऐकावे लागते, बँकेच्या शाखेत 'लिंक नाही' असे ऐकावे लागते, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. धारणीहून किंवा चिखलदऱ्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला अख्खा दिवस मोडतो. लिंक का नाही, कधीपासून नाही, कोणाच्या बाजूने तुटली आहे, हे समोरच्या संगणक परिचालकालाही सांगता येत नाही. त्याच्याकडे ते पाहण्याचे साधनच नसते.

साधन असले की काय बदलते, हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद खोलीतल्या, पंखा नसलेल्या कपाटातला स्विच अशा दिवसांत तापतो, अडखळतो आणि कधी जळतो. बऱ्याच उपकरणांत तापमान मोजणारा भाग आतच बसवलेला असतो. त्याचा आकडा कोणी वाचत नाही एवढेच. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस तो आकडा वाचते, मर्यादा ओलांडली की संबंधित माणसाच्या मोबाइलवर संदेश पाठवते, आणि उपकरण बंद पडण्याआधी खोलीचे दार उघडता येते. मेळघाटात पावसाळ्यात वीज जाणे नेहमीचे. वीज गेली म्हणून जोडणी गेली, की वीज असताना गेली, यातला फरक नोंदीतून दिसतो. पहिल्या प्रकारात बॅटरी बदलावी लागते, दुसऱ्या प्रकारात फायबर शोधत जावे लागते. आज हा फरक अंदाजाने ठरतो आणि चुकीच्या माणसाला चुकीच्या गावी पाठवले जाते.

लक्ष ठेवणे हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग उपकरणांच्या मांडणीचा, ज्याला या क्षेत्रात सगळे कॉन्फिगरेशन म्हणतात. कोणत्या तारेतून कोणती वाहतूक जाईल, कोणाला आत प्रवेश आहे, कोणाला नाही, हे सगळे काही ओळींच्या मजकुरात लिहिलेले असते. आपल्याकडच्या कित्येक संस्थांत तो मजकूर फक्त त्या उपकरणात आणि ते बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाच्या डोक्यात असतो. वार्षिक देखभाल करार संपला, माणूस पुण्याला गेला, की पासवर्ड गेला आणि मांडणीचे ज्ञानही गेले. मग नवा कंत्राटदार येतो, जुने सगळे पुसतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याचे बिल पुन्हा संस्थेलाच येते. रॅन्सिड, ऑक्सिडाइज्ड ही मुक्तस्रोत साधने प्रत्येक उपकरणाची मांडणी रोज आपणहून वाचून जपून ठेवतात. त्यात काल आणि आज काय बदलले ते ओळीओळीने दिसते. ज्या जिल्ह्यांत शेताच्या फेरफार नोंदीचे महत्त्व लहान मुलालाही कळते, तिथे हे समजावून सांगायची गरज नाही: जमीन कोणाच्या नावावर कधी आणि कशाने गेली याची नोंद जशी तलाठ्याबरोबर बदलून जात नाही, तशी नेटवर्कमधल्या बदलाची नोंद कंत्राटदाराबरोबर जाता कामा नये.

त्यापुढची पायरी स्वयंचलनाची. २०१२ मध्ये आलेल्या अन्सिबल या साधनात करायचे काम साध्या मजकुरात लिहून ठेवता येते आणि ते शंभर उपकरणांवर एकाच वेळी, एकाच पद्धतीने करून घेता येते. त्यासाठी उपकरणावर वेगळे काही बसवावे लागत नाही. नेटबॉक्स हे साधन डिजिटलओशन या कंपनीतल्या अभियंत्यांनी स्वतःच्या गरजेसाठी घडवले आणि २०१६ मध्ये खुले केले. कोणते उपकरण कुठल्या खोलीत, कुठल्या तारेने कशाला जोडले आहे, याची ती तपशीलवार वही असते. ही हौशी लोकांची खेळणी नव्हेत. विकिपीडियाचा कारभार पाहणारी विकिमीडिया फाउंडेशन आपल्या नेटवर्कची यादी नेटबॉक्समध्येच ठेवते, आणि उपकरणांची मांडणी करण्यासाठी तिने लिहिलेले साधनही तिने सर्वांना खुले केले आहे. जगातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एकाला जे चालते, ते विद्यापीठाला आणि जिल्हा परिषदेला चालू नये असे काही कारण दिसत नाही.

हे सगळे आताच बोलायचे कारण भारतनेट आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या या योजनेला २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात तिचा पुढचा टप्पा महानेट या नावाने महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीकडे आला. देशभरात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती 'सेवासज्ज' झाल्याचे केंद्र सरकार सांगते, आणि तेवढी तार जमिनीत गेली हे काम मोठेच आहे. पण सेवासज्ज या शब्दाचा अर्थ तार पोचली, उपकरण बसले, एकदा चाचणी झाली, एवढाच होतो. आज सकाळी ती जोडणी चालू होती का, हा वेगळा प्रश्न आहे आणि गावाला महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट योजनेला मंजुरी दिली. तिच्यात दोन गोष्टी नव्या आहेत: एकाच सरळ रेषेत गावे जोडण्याऐवजी ती वर्तुळाकार जोडायची, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक वळेल, आणि ज्याने जाळे उभारायचे त्यानेच पुढची दहा वर्षे ते सांभाळायचे.

दोन्ही सुधारणा योग्य आहेत. दोन्हींमुळे खुल्या नोंदीची गरज मात्र वाढते, कमी होत नाही. वर्तुळाकार जोडणीत पहिला बिघाड गावाला जाणवतच नाही, कारण इंटरनेट चालूच राहते. तो कोणी पाहिला नाही आणि दुरुस्त केला नाही, तर दुसऱ्या ठिकाणी तार तुटताच मधली सगळी गावे एकदम अंधारात जातात. म्हणजे न दिसणारा बिघाड पाहणारे साधन नसेल तर वर्तुळावर केलेला खर्च फुकट जातो. आणि तार तुटणे आपल्याकडे अपवाद नाही. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनीज विक्रम झाला. वऱ्हाडात काम वेगाने उभे राहू शकते, याचा तो पुरावा आहे. मात्र रस्ता रुंद होतो, नळयोजनेची नाली खोदली जाते, तेव्हा जेसीबीच्या दात्याखाली सगळ्यात आधी सापडते ती फायबर. विक्रम बांधण्याचे होतात. तुटलेली तार किती तासांत जोडली याची मात्र साधी यादीही गावाला दिसत नाही. दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे ज्याला द्यायचे, त्याच्याच यंत्रणेने दिलेल्या आकड्यांवर त्याचे काम तपासायचे का, हा प्रश्न कोणत्याही लेखापरीक्षकाला पडायला हवा. तपासणाऱ्याचे मोजमाप वेगळे असावे लागते, आणि ते स्वस्तात वेगळे ठेवण्याची सोय मुक्तस्रोत साधनांनी करून दिली आहे.

यावर पहिला आक्षेप जबाबदारीचा येतो. कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले तर रात्री अडचण आली की कोणाला तरी फोन करता येतो. फुकटच्या सॉफ्टवेअरचा धनी कोण? आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. साधन कोणाचे आणि सेवा कोणाची, हे वेगवेगळे असू शकते. झॅबिक्स बनवणारी कंपनी पैसे घेऊन सेवा देते, अन्सिबलची मालकी घेतलेली रेड हॅटही देते, आणि एखाद्या स्थानिक संस्थेशीही तसा करार करता येतो. फरक एवढाच की सेवा पसंत पडली नाही तर सेवा देणारा बदलता येतो, साधन आणि नोंदी आपल्याकडेच राहतात. मूळ प्रकल्पाने दिशा बदलली तरी वापरणारे उघड्यावर पडत नाहीत. ऑब्झर्व्हियम या प्रकल्पाने परवाना बदलला, तेव्हा त्याच्या आधीच्या खुल्या कोडवरूनच लिब्रेएनएमएस उभे राहिले.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. कोड सर्वांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो, असे म्हटले जाते. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या छोट्या साधनात कोणीतरी वर्षानुवर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. मुक्तस्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. तो दरवाजा सापडला मात्र एका अभियंत्याला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो या शंकेतून, आणि कोड खुला होता म्हणूनच त्याला मुळापर्यंत जाता आले. याच्या शेजारी डिसेंबर २०२० मधले सोलरविंड्सचे प्रकरण ठेवून पाहावे. ओरायन हे त्यांचे उत्पादन नेटवर्क व्यवस्थापनाचेच होते, बंदिस्त होते आणि महाग होते. त्याच्या अधिकृत अद्ययावतीकरणातूनच घातक कोड सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेला; त्यांत अमेरिकेच्या सरकारी खात्यांचाही समावेश होता. धोका दोन्हीकडे आहे. वेळच्या वेळी अद्ययावत करणारा आणि लक्ष ठेवणारा माणूस नसेल तर कुठलेच साधन वाचवत नाही. इथे एक भेद मात्र पक्का ठेवला पाहिजे: साधनाचा कोड खुला असणे म्हणजे आपल्या नेटवर्कची मांडणी चव्हाट्यावर मांडणे नव्हे. मांडणी, पासवर्ड, अंतर्गत पत्ते बंदच राहावेत. लोकांसमोर यावे ते एवढेच: अमुक ग्रामपंचायतीची जोडणी या महिन्यात किती तास चालू होती, आणि बंद पडल्यावर किती तासांत सुरू झाली.

स्वयंचलनाबद्दलची भीतीही निराधार नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचा अंतर्गत कणाच तोडला, आणि अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी यंत्रणेतही दोष निघाला. शंभर उपकरणांवर एकदम काम करता येते, याचा अर्थ शंभर उपकरणे एकदम बिघडवताही येतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त पाहावे, मग मांडणीचा रोजचा बॅकअप घ्यावा, मग एकेक बदल आधी चाचणीच्या उपकरणावर आणि नंतर प्रत्यक्षात करावा. पहिल्या दोन पायऱ्यांत कशालाच धक्का लागत नाही. अमरावती-अकोल्यात या दोन पायऱ्या जरी सगळीकडे झाल्या, तरी आजच्या निम्म्या तक्रारींना निदान उत्तर मिळू लागेल असे मला वाटते.

राहिला माणसांचा प्रश्न. इथे साधने आहेत पण ती चालवणारे कुठून आणायचे, असे हमखास विचारले जाते. वऱ्हाडाला हा प्रश्न शोभत नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. बडनेरा, शेगाव, अकोला इथे अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून पाच जिल्ह्यांचा कारभार पाहते आणि अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, ज्याचा विस्तीर्ण परिसर आणि दूरदूरची संशोधन केंद्रे हे स्वतःच एक मोठे नेटवर्क आहे. या संस्थांतून शिकलेली मुले पुण्यात आणि हैदराबादेत हेच काम करतात. त्यांना इथे शिकवायला महागडी प्रयोगशाळा लागते, हेही आता खरे राहिलेले नाही. जीएनएसथ्री किंवा मिनिनेट यांसारख्या मुक्तस्रोत साधनांनी एका लॅपटॉपवर वीस राउटरांचे नेटवर्क उभे करता येते, त्यात एफआरराउटिंग या खुल्या राउटर सॉफ्टवेअरने खरे नियम लावता येतात, मुद्दाम तार तोडून पाहता येते. ते विद्यार्थ्याला अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी द्यावे, आणि प्रकल्पाचा विषय म्हणून स्वतःच्या महाविद्यालयाचे नेटवर्कच द्यावे. दरवर्षी वाचनालय व्यवस्थापनाचे तेच ते सॉफ्टवेअर लिहून जमा करण्यापेक्षा त्यातून विद्यार्थ्याचे आणि संस्थेचे दोघांचेही भले होईल.

असे झालेले नाही असेही नाही. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातल्या २५ गावांत ग्राममार्ग हा इंटरनेट जोडणीचा प्रकल्प राबवला आणि २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या मांडणीत पंचायत ही भागीदार होती आणि गावातल्या तरुणांनी जोडणी सांभाळायची होती. स्पेनमधल्या कातालुन्यात कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या ग्रामीण भागात २००४ पासून गुइफी.नेट हे लोकांचे नेटवर्क खुल्या साधनांवर वाढत हजारो घरांपर्यंत गेले. केरळने शाळांतले दोन लाखांहून अधिक संगणक मुक्तस्रोत प्रणालीवर नेले, आणि तिथले यश सॉफ्टवेअरपेक्षाही शिक्षकांना दिलेल्या प्रशिक्षणाचे होते, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा बाहेरून माणसे येतील याची वाट पाहिली नव्हती. त्यांच्या याच वऱ्हाडाने आज आपल्याच तारांची देखरेख दुसऱ्या शहरातल्या नियंत्रण कक्षावर सोडून द्यावी, हे पटत नाही.

सरकारी नियम आड येतात असेही म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले आहे. निविदेत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करण्याची अट घालावी आणि पुरवठादाराने तो वगळला तर त्याचे कारण द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे; राज्यांनाही ते स्वीकारता येते. तेव्हा अमरावती आणि अकोला जिल्हा परिषदांनी, दोन्ही विद्यापीठांनी आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने नेटवर्कच्या पुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात. करार संपताना सर्व उपकरणांची यादी, मांडणीचा मजकूर आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात खुल्या स्वरूपात दिल्याशिवाय शेवटचे बिल निघणार नाही. जोडणीचे मोजमाप कंत्राटदाराव्यतिरिक्त संस्थेच्या स्वतःच्या संगणकावरही होईल. आणि दर महिन्याचा चालू-बंद तासांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. जिल्हा परिषदेचे सदस्य, विद्यापीठाच्या अधिसभेचे सदस्य आणि ग्रामसभेत बसणारे मतदार, यांपैकी कोणीही या अटींची मागणी करू शकतो. पुढच्या सभेत ती लेखी करावी, आणि उत्तरही लेखी मागावे.